काय जपायचंय तुम्हाला? चांदा, ॲरिझोना आणि उजव्या प्रचाराची गोष्ट

(पॉडकास्टच्या भागाचं हे लिखित रूप. बोलताना वाक्यं तुटतात, ती इथे थोडी जोडून घेतली आहेत.)

आज थेट दोन तारखांपासून सुरू करू.

पहिली तारीख ४ जून २०२४, लोकसभेचा निकाल. चंद्रपूरमध्ये भाजपचे उमेदवार होते सुधीर मुनगंटीवार. १९९५ पासून सलग आमदार, राज्याचे वनमंत्री. काँग्रेसच्या प्रतिभा धानोरकरांनी त्यांना २ लाख ६० हजार मतांनी हरवलं. शेजारच्या गडचिरोली-चिमूरमध्ये भाजपचेच अशोक नेते, दोनदा निवडून आलेले खासदार, काँग्रेसच्या नामदेव किरसान यांच्याकडून १ लाख ४१ हजार मतांनी हरले.

दुसरी तारीख २३ नोव्हेंबर २०२४, विधानसभेचा निकाल. चंद्रपूर लोकसभेत सहा विधानसभा येतात. त्यातल्या पाच भाजपनं जिंकल्या. बल्लारपूरमधून तेच मुनगंटीवार पुन्हा आमदार झाले.

मधे किती दिवस गेले? १७२. गावं तीच, कार्यकर्ते तेच, मतदार यादीही जवळपास तीच. मग बदललं काय? पैसा, जात, उमेदवार, बंडखोर, ही सगळी उत्तरं तुम्ही पारावर आणि यूट्यूबवर ऐकलीच असतील. ती खोटी नाहीत. पण मला आज वेगळ्या बाजूनं बघायचंय. उजवा पक्ष, म्हणजे परंपरा मानणारा, 'कॉन्झर्व्हेटिव्ह' पक्ष, मत मागतो तेव्हा नेमकं काय मागतो? आणि त्याचं ते मागणं कधी चालतं, कधी आपटतं?

या प्रश्नाचा इतिहास आपल्या जंगलात आहे आणि अमेरिकेतही आहे. दोन्हीकडे जाऊ. पण आधी घरून निघू.

शब्दाचा अर्थ

'कॉन्झर्व्हेटिव्ह'ला मराठीत आपण पुराणमतवादी म्हणतो. हा शब्द ऐकला की डोळ्यासमोर काठी टेकत चाललेले आजोबा येतात. पण मूळ इंग्रजी शब्दाचा अर्थ साधा आहे. जपणारा, राखणारा. जंगलाच्या 'कॉन्झर्व्हेशन'मध्ये जो शब्द आहे, तोच इथे आहे. वनखात्याच्या साहेबाला 'कॉन्झर्व्हेटर' म्हणतात, मराठीत वनसंरक्षक. आपल्या भागात तर हा शब्द ओळखीचाच.

म्हणजे असा उमेदवार मतदाराला सांगतो, 'तुझ्याकडे काहीतरी मोलाचं आहे, ते कोणीतरी हिसकावून नेणार आहे, मी ते राखतो.' त्या 'काहीतरी'च्या जागी काय भरायचं हे ठिकाणाप्रमाणे बदलतं. कुठे धर्म, कुठे जमीन, कुठे घर, कुठे बंदूक, कुठे पेन्शन. आम्ही कोड लिहिणारे याला व्हेरिएबल म्हणतो. रिकामा डबा, त्यात हवं ते घाला. वाक्य तेच राहतं.

माझं आजचं म्हणणं एवढंच आहे: हे वाक्य कोणत्याही एका पक्षाच्या मालकीचं नाही. मतदाराला ज्याच्या हातून काही जाण्याची भीती वाटते, तो हरतो. मग तो स्वतःला कितीही जपणारा म्हणवो.

पहिला जपणारा: अहेरीचा राजा

आपल्याकडे हे वाक्य घेऊन पहिल्यांदा कोण उभं राहिलं? भाजप तेव्हा नव्हता. जनसंघ १९५१ मध्ये स्थापन झाला होता आणि संघाचं मुख्यालय नागपूरला, म्हणजे हाकेच्या अंतरावर. तरी चांद्याच्या जंगलात त्यांचा पणतीचा दिवा फारसा पेटला नाही. काँग्रेस सगळीकडे होती. मूळ चांद्याचे मारोतराव कन्नमवार १९६२ मध्ये राज्याचे मुख्यमंत्री झाले, यावरून तिची ताकद कळते.

काँग्रेसला इथे टक्कर दिली ती जुन्या घराण्यांनी. १९५१ मध्ये जमीनदारी गेली. चांदा जिल्ह्यातली सगळ्यात मोठी जमीनदारी अहेरीची. कायद्यानं राजाची सत्ता संपली, पण गावागावातला मान संपला नाही. दसरा राहिला, पालखी राहिली, 'आमचे राजे' हे शब्द राहिले. आता त्या मानाचं मतात रूपांतर करायचं होतं.

१९६२ च्या लोकसभेत चांद्यातून निवडून आले लालश्यामशाह, पानाबरसचे आदिवासी जमीनदार, अपक्ष. आणि १९७७ मध्ये, आणीबाणीनंतरच्या निवडणुकीत, चंद्रपूरचे खासदार झाले अहेरीचे राजे विश्वेश्वरराव. त्यांचीच नाग विदर्भ आंदोलन समिती. वेगळ्या विदर्भाची मागणी आणि राजघराण्यावरची निष्ठा, दोन्ही एका झेंड्याखाली.

१९८० च्या दशकात गोदावरीवर इंचमपल्ली आणि इंद्रावतीवर भोपालपट्टणम अशी दोन मोठी धरणं ठरली. हजारो हेक्टर जंगल आणि माडिया-गोंडांची गावं पाण्याखाली जाणार होती. त्याविरुद्ध 'जंगल बचाव, मानव बचाव' आंदोलन उभं राहिलं. त्यात राजे विश्वेश्वरराव होते, लालश्यामशाह होते, बाबा आमटे होते. ती धरणं झाली नाहीत.

आता सांगा, हे राजकारण उजवं की डावं? राजा, परंपरा, घराणं, म्हणजे उजवं. मोठ्या सरकारी प्रकल्पाविरुद्ध आदिवासींचा मोर्चा, म्हणजे डावं. दिल्लीची लेबलं इथे चिकटत नाहीत. पण वाक्य ओळखू येतं. जंगल तुमचं आहे, ते बुडणार आहे, आम्ही राखतो.

त्या घराण्याचा प्रभाव अजून गेलेला नाही. २०२४ च्या विधानसभेला अहेरीत एकाच आत्राम कुटुंबातले तिघे समोरासमोर होते. धर्मरावबाबा, त्यांची मुलगी भाग्यश्री आणि पुतण्या अम्ब्रीशराव. बाबा जिंकले.

आता थोडं अमेरिकेत: जपणारा हरतो कसा

अमेरिकेत का जायचं? कारण 'जपणारा' उमेदवार आधी सपाटून हरला आणि नंतर तोच विचार सपाटून जिंकला, याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण तिथे आहे. आणि दोन्ही वेळा मुद्दा एकच होता, म्हातारपणाची पेन्शन.

१९६४. रिपब्लिकन पक्षाचा उमेदवार बॅरी गोल्डवॉटर, ॲरिझोनाचा सिनेटर. कट्टर उजवा. सरकार छोटं हवं, खर्च कमी हवा, कम्युनिस्टांशी तडजोड नको. त्याची घोषणा अशी होती की मनातून तुम्हाला माहीत आहे, हा माणूस बरोबर बोलतोय. आता अमेरिकेत १९३५ पासून सोशल सिक्युरिटी नावाची योजना आहे. पगारातून पैसे कापले जातात आणि म्हातारपणी दरमहा मिळतात. गोल्डवॉटर प्रचाराच्या सुरुवातीलाच बोलून गेला की ही योजना ऐच्छिक करायला हरकत नाही.

झालं. समोरच्या लिंडन जॉन्सनच्या माणसांनी टीव्हीची एक जाहिरात बनवली. त्यात दोन हात सोशल सिक्युरिटीचं कार्ड फाडतात. बस्स. गोल्डवॉटर पुढे सांगत राहिला की माझा तसा अर्थ नव्हता. पण कार्ड फाटताना लोकांनी पाहिलं होतं. तो पन्नासपैकी फक्त सहा राज्यं जिंकला.

लक्षात घ्या काय झालं. जपण्याची भाषा करणारा माणूस लोकांच्या नजरेत हिसकावणारा ठरला. आणि सरकारी योजना वाढवणारा जॉन्सन जपणारा ठरला. पाट्या बदलल्या.

त्याच निवडणुकीत, २७ ऑक्टोबर १९६४ ला, गोल्डवॉटरसाठी एका सिनेनटानं टीव्हीवर भाषण दिलं. नट बऱ्यापैकी जुना, नेता नवा. नाव रोनाल्ड रेगन. त्या भाषणात त्यानंही ऐच्छिक पेन्शनची बाजू घेतली होती. सोळा वर्षांनी, १९८० मध्ये, तो स्वतः राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार झाला. विचार फारसे बदलले नव्हते. बोलणं बदललं होतं. २८ ऑक्टोबर १९८० च्या वादफेरीत जिमी कार्टरनं म्हाताऱ्यांच्या आरोग्य विम्याला रेगनचा जुना विरोध होता, असं काढलं. रेगन चिडला नाही, हसला, आणि 'झालं का पुन्हा सुरू' अशा सुरात ते उडवून लावलं. शेवटी लोकांना विचारलं, चार वर्षांपूर्वीपेक्षा तुमचं बरं चाललंय का? दुकानात गेल्यावर खिशाला परवडतं का?

म्हणजे डब्यात काय घातलं? घरखर्च. महागाई तुमचा पगार खातेय, आणि ती कार्टरच्या सरकारची आहे. हिसकावणारा कोण, तर समोरचा. रेगन ४४ राज्यं जिंकला.

आणि पेन्शनचं पुढे काय झालं? १९८३ मध्ये रेगननंच कायदा केला. योजना बंद केली नाही, पण पूर्ण पेन्शनचं वय हळूहळू ६७ वर न्यायचं ठरलं. म्हणजे प्रचारात 'हात लावणार नाही' आणि सत्तेत थोडा हात लावलाच. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

यादी आणि पान

अजून एक गोष्ट अमेरिकेतच संपवून येऊ, कारण तुम्हा-आम्हा मोबाईलवाल्यांना ती लागू आहे.

गोल्डवॉटर हरला, पण त्याला देणगी देणाऱ्यांची नावं सरकारदरबारी नोंदलेली होती. पन्नास डॉलरच्या वर दिलं की नोंद व्हायची. रिचर्ड विगरी नावाच्या तरुण कार्यकर्त्यानं माणसं लावून ती नावं हातानं उतरवून घेतली, सुमारे साडेबारा हजार. मग त्या लोकांना थेट पत्रं पाठवायला सुरुवात केली. यादी वाढत गेली. टीव्हीवर सगळ्यांना एकच भाषण दिसतं. पत्रात मात्र प्रत्येकाला त्याची भीती वेगळी लिहिता येते. शेतकऱ्याला कराची, आईला शाळेची, माजी सैनिकाला झेंड्याची. आज तुमच्या व्हॉट्सॲपवर निवडणुकीच्या आठवड्यात जे येतं, त्याचे पणजोबा म्हणजे ही पत्रं.

आपल्याकडे भाजपनं याच कामाला देशी रूप दिलं, पन्ना प्रमुख. मतदार यादीचं एक पान, त्यावर साधारण तीस नावं, आणि त्या पानाचा एक माणूस जबाबदार. कोण पुण्याला कामाला गेलाय, कोणाच्या घरी आजारपण आहे, कोण नाराज आहे, हे त्याला माहीत. धानोरा किंवा गोंडपिपरीच्या गावात अल्गोरिदमपेक्षा हा माणूस जास्त नीट ओळखतो.

पण यादी फक्त निरोप पोचवते. निरोप काय आहे, ते वेगळं. चला, परत चंद्रपूरला.

कोळसा

१९८० पासून चार वेळा चंद्रपूरचे खासदार होते काँग्रेसचे शांताराम पोटदुखे. १९९६ मध्ये भाजपचे हंसराज अहीर पहिल्यांदा जिंकले. १९९८ आणि १९९९ ला काँग्रेसच्या नरेश पुगलियांनी जागा परत घेतली. २००४ पासून मात्र सलग तीनदा अहीर.

हे घडलं कसं? एक भाग राज्याचा. शेटजी-भटजींचा पक्ष ही ओळख पुसायला भाजपनं १९८० च्या दशकात 'माधव' धोरण आणलं होतं, माळी-धनगर-वंजारी आणि एकूणच ओबीसींना पुढे करण्याचं. अहीर त्याच वळणाचे उमेदवार, ओबीसी, साधी राहणी, लोकांत मिसळणारे. दुसरा भाग इथला, तो म्हणजे कोळसा. वेकोलिच्या खाणीत जमीन गेलेल्या शेतकऱ्यांच्या मोबदल्याचा प्रश्न त्यांनी लावून धरला. खाणपट्टे खासगी कंपन्यांना लिलावाशिवाय दिले जातात म्हणून ते पत्रांवर पत्रं लिहीत राहिले. २०१२ मध्ये अहीर आणि प्रकाश जावडेकर यांच्या तक्रारीवरून केंद्रीय दक्षता आयोगानं प्रकरण सीबीआयकडे दिलं. सप्टेंबर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं २१४ खाणपट्ट्यांचं वाटप रद्द केलं.

बघा, डब्यात मंदिर नाही, गाय नाही. तुमच्या जमिनीखालचं धन आहे. ते दुसरे नेतायत, मी राखतो.

दारू, म्हणजे घर

आता दारूबंदी. ही गोष्ट आपल्या दोन जिल्ह्यांत प्रत्येक घराला ठाऊक आहे. गडचिरोलीत १९९३ पासून बंदी, लोकांच्या चळवळीतून आलेली. वर्ध्यात त्याच्याही आधीपासून. चंद्रपुरात मात्र दुकानं चालू. डिसेंबर २०१० मध्ये श्रमिक एल्गारच्या पारोमिता गोस्वामी यांच्या नेतृत्वात महिला चिमूरहून पायी निघाल्या आणि नागपूरच्या हिवाळी अधिवेशनावर धडकल्या. शेकडो ग्रामपंचायतींनी ठराव केले. तेव्हाच्या काँग्रेस-राष्ट्रवादी सरकारनं समिती नेमली. समितीचा अहवाल आला आणि राहिला.

२०१४ मध्ये सरकार बदललं. मुनगंटीवारांनी ही मागणी आपली केली होती. २० जानेवारी २०१५ ला मंत्रिमंडळाचा निर्णय झाला आणि १ एप्रिल २०१५ पासून बंदी लागू.

चळवळ महिलांची, पण निर्णयावर सही परंपरेची भाषा बोलणाऱ्या पक्षाची. हे अमेरिकेत अगदी असंच झालं होतं. १८७४ मध्ये तिथे महिलांची दारूविरोधी संघटना उभी राहिली. तिच्या नेत्या फ्रान्सिस विलर्ड यांनी शब्द दिला 'घराचं रक्षण'. बाई राजकारणात कशाला, असं विचारणाऱ्याला त्या सांगत, मत हवंय ते घर राखायला. मग अँटी-सलून लीग आली. तिचा हिशोब सोपा होता. पक्ष कोणताही असो, बंदीच्या बाजूनं मत देणार असेल तर आमची मतं तुला, नाहीतर तुझ्या विरोधकाला. १९२० मध्ये देशभर बंदी आली.

आणि गेली कशी? १९२९ मध्ये पॉलिन सॅबिन या रिपब्लिकन बाईंनी बंदी उठवण्यासाठी महिलांची संघटना काढली. त्यांचा मुद्दा काय होता? घराचं रक्षण! चोरट्या दारूनं मुलं बिघडतायत, कायद्याचा धाक जातोय. १९३३ मध्ये बंदी उठली.

चंद्रपुरात बंदी टिकली सहा वर्षं. २७ मे २०२१ ला महाविकास आघाडी सरकारनं ती उठवली. कारणं वाचा. अवैध दारू वाढली, गुन्हे वाढले, बाया आणि लेकरं या धंद्यात ओढली गेली. म्हणजे बंदी आणताना घर जपायचं होतं, उठवतानाही घरच जपायचं होतं. एकच डबा, दोन हात. खरं कोणाचं, यावर तुमच्या गावात आजही भांडण होऊ शकतं, आणि ते भांडण आकडे घेऊन व्हायला हवं. पण प्रचारात आकडे येत नाहीत, घर येतं.

२०२४: पाट्या बदलल्या

आता पहिल्या दोन तारखांकडे. २०१९ ला खूण मिळाली होती. देशभर मोदी लाट, आणि महाराष्ट्रात काँग्रेसची एकच जागा आली, चंद्रपूर. शिवसेनेतून आलेले बाळू धानोरकर अहीरांना हरवून गेले. तेव्हा अहीर केंद्रात मंत्री होते. २०२३ मध्ये धानोरकरांचं निधन झालं आणि २०२४ ला त्यांच्या पत्नी प्रतिभाताई उभ्या राहिल्या.

मुनगंटीवारांकडे जपण्याची यादी लांबलचक होती. कोट्यवधी झाडं लावण्याची मोहीम. मार्च २०२३ मध्ये अयोध्येच्या मंदिरासाठी आपल्या जंगलातलं सागवान वाजतगाजत बल्लारपूरहून निघालं होतं. ८ एप्रिल २०२४ ला चंद्रपुरात पंतप्रधानांची सभा झाली. यंत्रणा, निधी, मोठी नावं, कशाचीच कमी नव्हती.

पण डबा समोरच्यानं भरला होता. भाजपची घोषणा होती 'चारशे पार'. मार्चमध्ये कर्नाटकातले भाजपचे खासदार अनंतकुमार हेगडे बोलून गेले की राज्यघटना बदलायला एवढ्या जागा लागतात. पक्षानं हात झटकले. घटना बदलणार नाही, हे मोदींपासून सगळे सांगत राहिले. काँग्रेस आणि मित्रपक्षांनी मात्र एकच ओळ धरली, संविधान वाचवा, आरक्षण वाचवा.

चंद्रपुरात ही ओळ कशी लागली असेल? १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबरला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चंद्रपूरला दीक्षा दिली. इथे दीक्षाभूमी आहे, दरवर्षी लोक जमतात. इथल्या कितीतरी घरांत संविधान म्हणजे फक्त पुस्तक नाही, बापाची नोकरी आणि पोरीचं कॉलेज आहे. गडचिरोलीत ओबीसींचं नोकरीतलं आरक्षण १९ वरून ६ टक्क्यांवर आल्याची जखम वर्षानुवर्षं ओली आहे. आदिवासींना वनहक्काचे पट्टे आणि पेसाचे अधिकार याच घटनेच्या छत्राखाली मिळालेत. अशा ठिकाणी 'काहीतरी काढून घेणार' एवढी शंकासुद्धा पुरे. सोयाबीन-कापसाचा भाव आणि जातीचं गणित होतंच. पण गोल्डवॉटरचं फाटलेलं कार्ड आठवतंय ना? तो नुसता खुलासे देत राहिला होता. १९ एप्रिलला मतदान झालं. गडचिरोली-चिमूरमध्ये सुमारे ७२ टक्के, त्या टप्प्यात राज्यात सगळ्यात जास्त. निकाल तुम्हाला माहीत आहे.

मग नोव्हेंबरपर्यंत काय झालं? जुलै २०२४ पासून लाडकी बहीण, महिन्याला १,५०० रुपये बाईच्या खात्यात. आता महायुतीकडे राखायला ठोस गोष्ट आली, आणि प्रचार सुरू झाला की विरोधक आले तर योजना बंद करतील. विरोधकांनी सांगितलं, बंद नाही, आम्ही ३,००० देऊ. पण १,५०० खात्यात होते आणि ३,००० जाहीरनाम्यात. हातातलं जाण्याची भीती आणि हातात नसलेलं येण्याची आशा, यात भीती जड जाते. खुलासे देण्याची पाळी या वेळी दुसऱ्या बाजूची होती.

निवडणुका फक्त यावर ठरत नाहीत, विधानसभेची गणितं वेगळी असतात, बंडखोरीही असते. पण १७२ दिवसांत हिसकावणाऱ्याची पाटी एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात गेली, हे दिसतंय.

मग आपण काय करायचं?

हे सगळं ऐकून 'सगळे सारखेच' म्हणून मोकळं होऊ नका. जपण्याची भाषा खोटीच असते असं नाही. इंचमपल्लीचं जंगल खरंच बुडणार होतं. खाणपट्टे खरंच चुकीच्या पद्धतीनं वाटले होते, हे न्यायालयानं सांगितलं. भीती खरी असू शकते. प्रश्न एवढाच आहे की काय जपायचं, हे कोण ठरवतं.

आमच्या भागात याचंही उत्तर सापडतं. धानोरा तालुक्यातलं मेंढा-लेखा. 'आमच्या गावात आम्हीच सरकार' म्हणणाऱ्या या गावानं २००६ च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळवला आणि २०११ मध्ये बांबूचे वाहतूक परवाने स्वतः द्यायला सुरुवात केली. तिथे काय राखायचं हे ग्रामसभेत बसून ठरलं, कुठल्या पत्रकावर नाही. २०१७ च्या जिल्हा परिषद निवडणुकीत भामरागडकडून वकील लालसू नोगोटी निवडून आले, तेही ग्रामसभांचे उमेदवार म्हणून. पक्षानं डबा भरून आणायचा, हा क्रम तिथे उलटला.

आज एटापल्लीत सुरजागडची लोहखाण चालू आहे, कोनसरीला पोलाद कारखाना आहे, आणि सगळे मोठे पक्ष कमीअधिक प्रमाणात पोलादाचं गडचिरोली दाखवतायत. गंमत बघा, इथे परंपरेची भाषा बोलणारा पक्ष बदल मागतोय, आणि डोंगराजवळच्या गावातली माणसं म्हणतायत की आमचा डोंगर, आमचा देव राखा. त्याच तालुक्यातला आयटीआय झालेला पोरगा म्हणतोय, मला नोकरी पाहिजे. दोघंही खरे आहेत. दोघांच्या डब्यात वेगळी वस्तू आहे. पुढच्या निवडणुकीत कोणीतरी या दोघांपैकी एकाला दुसऱ्याची भीती दाखवेल.

म्हणून पुढच्या वेळी प्रचाराचा भोंगा दारात आला किंवा रील समोर आली, की तीन गोष्टी विचारा. एक, जे जाणार म्हणतायत ते खरंच माझ्याकडे आहे का, कागद कुठे आहे? दोन, नेणारा कोण, आणि तो नेणार याला पुरावा काय? तीन, हा राखणारा मागच्या वेळी निवडून आल्यावर काय राखलं? रेगननं पेन्शन वाचवली आणि वयही वाढवलं. चंद्रपूरची दारूबंदी घर राखायला आली आणि घर राखायलाच गेली. मतदानाच्या दिवसानंतर डबा उघडून बघायचं काम आपलंच आहे.

तुमच्या गावात गेल्या दोन निवडणुकांत कोणी काय राखण्याचं वचन दिलं होतं, ते आठवून आम्हाला व्हॉइस नोट पाठवा. आठवत नसेल तर घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा. त्यांना राजे विश्वेश्वररावांपासूनचं पाठ असतं.

भेटू पुढच्या भागात. ऐकत राहा, आणि जरा मागचंही आठवत राहा. जय हिंद, जय सेवा.